पॉयझन आयव्ही दर वर्षी त्याच जागी उगवते? आधी ती कुठून येते ते शोधा

लक्षणं

पॉयझन आयव्ही ही वेल अंगाला लागली की खाज आणि फोड येतात. यातल्या दोन-तीन गोष्टी तुमच्या घरी दिसत असतील तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

- कुंपणालगत, डेकच्या कडेला किंवा झाडाच्या बुंध्याशी तीन-तीन पानांचं रोप दर वर्षी मे महिन्यात त्याच ठिकाणी डोकं वर काढतं. गेल्या वर्षी उपटलेलं असूनही.
- मूळ जागेपासून काही फूट अंतरावर, लॉनमध्ये किंवा मल्चमध्ये (झाडांभोवती पसरलेल्या लाकडाच्या भुश्यात), नवे फुटवे एका रांगेत येतात.
- एखाद्या झाडाखाली नाहीतर तारेच्या कुंपणाखाली सुटी सुटी, छोटी रोपं दिसतात. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.
- मोठ्या झाडाच्या खोडावर जाड, तपकिरी, केसाळ वेल वरपर्यंत गेलेली असते.
- बागकामानंतर एक-दोन दिवसांनी मनगटावर, दंडावर, पोटऱ्यांवर लाल चट्टे आणि रेघेत उठलेले फोड येतात. खाज अशी की रात्री झोप नाही.
- बागेत कोणी गेलेलंही नसतं, तरी घरात कोणाला ना कोणाला पुरळ उठतच राहतं.

मी न्यू जर्सीत राहतो. इथे आमच्या आजूबाजूला मराठी घरं बरीच आहेत आणि अनेकांच्या घरामागे ओढा, रानाचा पट्टा नाहीतर जुनं लाकडी कुंपण आहे. ही वेल काढायला मदतीला या, असं बोलावणं उन्हाळा लागला की येतंच. जवळजवळ प्रत्येक घरी ती आधी एकदा तरी काढून झालेली असते. कष्ट कोणी कमी घेतलेले नसतात, पण सगळे दिसतील ती पानं काढतात आणि वेलीचा उगम कुठे आहे हे बघायचं राहून जातं. म्हणून खालच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या तीन फुकटातल्या आहेत आणि अर्ध्याअधिक घरांचं उत्तर तिथेच मिळतं.

आधी थोडं तिच्या कुळाबद्दल

ही वेल उत्तर अमेरिकेची, पण तिचं कुळ आपल्या चांगल्या ओळखीचं. आंबा, काजू, बिब्बा आणि पॉयझन आयव्ही एकाच कुळातले. तिच्या पानांत, देठांत, मुळांत, फळांत उरुशिऑल नावाचं तेलकट द्रव्य असतं. बिब्ब्याच्या तेलात आणि काजूच्या टरफलातल्या चिकात त्याच्याच जातीची द्रव्यं असतात. गावाकडे ‘बिब्बा उतला’ म्हणतात तेव्हा अंगावर जे उठतं, तेच इथे उठतं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना मानेवर, कमरेवर असेच चट्टे यायचे. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करत, त्यामुळे.

म्हणून कच्च्या आंब्याच्या चिकाने ज्यांचं तोंड उततं, किंवा ज्यांना कधीकाळी बिब्बा उतला आहे, त्यांनी या वेलीपासून जास्तच सांभाळून राहावं. त्यांच्या शरीराला या द्रव्याची ओळख आधीच झालेली असू शकते. साधारण दहापैकी आठजणांना उरुशिऑलची अ‍ॅलर्जी होते. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यालाही पुढे कधीतरी होऊ शकते.

हे सांगायचं मुख्य कारण म्हणजे उन्हाळ्यात भारतातून येणारे आई-बाबा. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, दुपार मोकळी आणि समोर तणाने भरलेलं अंगण. ज्याने आयुष्यभर बाग केली आहे त्याला गप्प बसवत नाही. ओळखीच्या एका घरी आलेल्या काकांनी कुंपणालगतची सगळी रांग उघड्या हातांनी साफ केली. वेलींची जुडी बांधली, काखेत धरली आणि गराजमागे नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी दंडाच्या आतल्या बाजूला, काखेपासून कोपरापर्यंत, जुडी जिथे टेकली होती तिथे फोडांचा पट्टा उठला. लहानपणी बिब्बा उतल्याचं त्यांना चांगलं आठवत होतं. आई-बाबा आले की पहिल्याच दिवशी त्यांना अंगणात नेऊन ही वेल बोट दाखवून ओळख करून द्या. फ्रीजवर तिचा फोटो लावून ठेवलात तर आणखी बरं.

पहिली तपासणी: ती खरोखर पॉयझन आयव्हीच आहे का?

पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. ते आधी यासाठी करायचं की निरुपद्रवी झाडावर औषध मारणारे जितके, तितकेच ही वेल छान म्हणून वाढवणारेही भेटतात.

बेलाचं त्रिदळ डोळ्यांसमोर आणा. मधलं पान लांब देठावर, बाजूची दोन जवळजवळ देठाला टेकलेली. मांडणी अगदी तशीच. बाजूच्या पानांच्या बाहेरच्या कडेला बऱ्याचदा एखादा मोठा खाचा असतो. कधी कडा साधीही असते, कधी दातेरी, त्यामुळे नुसत्या कडेवर विसंबू नका. फांदीवर हे तीन-तीन पानांचे झुबके समोरासमोर येत नाहीत, एक इकडे तर पुढचा तिकडे. काटे कधीच नसतात.

गल्लत होते ती मुख्यतः तिघांशी. ब्लॅकबेरी-रास्पबेरीलाही तीन पानं असतात, पण त्यांना काटे असतात. बॉक्सएल्डर नावाच्या मेपलच्या रोपाची पानं हुबेहूब दिसतात, मात्र ती फांदीवर समोरासमोर येतात. तिसरी व्हर्जिनिया क्रीपर. तिला पाच पानं असतात आणि ती याच वेलीच्या शेजारी, बऱ्याचदा तिच्यात गुंतून वाढते. कोवळ्या क्रीपरला कधी तीनच पानं असतात, त्यामुळे एकच फांदी बघून निकाल देऊ नका, पूर्ण वेल बघा.

ऋतूप्रमाणे तिचं रूप बदलतं. एप्रिल-मेमध्ये पानं लालसर आणि चकचकीत, उन्हाळ्यात हिरवी, ऑक्टोबरमध्ये लाल-केशरी. शाळेच्या प्रकल्पासाठी पोरं रंगीत पानं गोळा करतात त्या दिवसांत ही सगळ्यांत देखणी दिसते, तेव्हा लक्ष ठेवा. हिवाळ्यात पानं झडतात आणि उरते ती केसाळ वेल, कधी तिच्यावर पांढुरक्या फळांचे घोस. त्या उघड्या वेलीतही तेल असतंच.

खात्री होत नसेल तर न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाच्या को-ऑपरेटिव्ह एक्स्टेंशनची, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या विभागाची, कार्यालयं आहेत. तिथले मास्टर गार्डनर स्वयंसेवक फोटो बघून सांगतात. इतर राज्यांतही तिथल्या विद्यापीठाची अशीच सोय असते.

दुसरी तपासणी: पुरळ वेलीमुळे की घरातल्या वस्तूंमुळे?

वेल काढून महिना झाला, तरी पुरळ येतंय, अशी तक्रार असेल तर बागेत जाऊच नका. आधी गराजमध्ये जा.

उरुशिऑल उडून जात नाही. कात्रीच्या मुठीवर, बुटांच्या नाड्यांवर, हातमोज्यांवर ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकून राहतं. फोडातल्या पाण्याने पुरळ पसरतं हा समज मात्र खरा नाही. जिथे तेल जास्त लागलं तिथे आधी उठतं, जिथे कमी लागलं किंवा कातडी जाड आहे तिथे नंतर, त्यामुळे ते पसरल्यासारखं वाटतं. पण आठवडा उलटल्यावरही अगदी नव्या जागी चट्टे येत असतील, तर तेल अजून कुठेतरी आहे आणि रोज हाताला लागतंय असं धरा.

एका घरी बाईंना महिनाभर उजव्या हाताच्या दोन बोटांवर आणि डाव्या तळव्याच्या कडेला फोड येत राहिले. बागेतली वेल कधीच काढून झाली होती. बुटांची नाडी बांधताना दोन बोटं जिथे गाठ ओढतात आणि तळवा जिथे बुटाला टेकतो, नेमकी तीच जागा. नाड्या फेकल्या, बूट धुतले, त्यानंतर फोड आले नाहीत.

तेव्हा हे सगळं एकदा पुसून काढा: कात्र्या, खुरपं, फावड्याचा दांडा, पाण्याचा पाइप, गराजच्या दाराची मूठ, गाडीचं स्टिअरिंग, फोनचं कव्हर, बूट. हत्यारांना रबिंग अल्कोहोल चालतं, बाकीला भांडी घासायचा साबण आणि भरपूर पाणी. हे करताना हातात टाकाऊ हातमोजे हवेतच. कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा. कुत्रा असेल तर त्यालाही आंघोळ घाला. त्याला स्वतःला सहसा काही होत नाही, पण केसांना लागलेलं तेल तो सोफ्यावर आणि पोरांच्या अंगावर आणतो.

अंगाला लागलं असेल तर वेळ महत्त्वाची. पहिल्या दहा मिनिटांत धुतलं तर बरंचसं निघतं, अर्ध्या तासानंतर फार थोडं. थंड पाणी, भांड्यांचा साबण आणि खरखरीत फडकं घ्या. नुसता फेस फिरवून तेल निघत नाही, चोळावं लागतं. उशीर झाला असेल तरी धुवाच, निदान ते पुढे कुठे लागत नाही. धुण्याआधी खोबरेल तेल चोळू नका. उरुशिऑल त्यात मिसळतं आणि आणखी मोठ्या भागाला लागतं.

तिसरी तपासणी: रोपं कशी मांडलेली आहेत?

सगळ्यांत महत्त्वाची तपासणी हीच आणि तीच सगळ्यांत कमी होते. काहीही उपटण्याआधी अंगणात उभं राहून रोपांची मांडणी बघा. कागदावर अंगणाचा साधा नकाशा काढून ठिपके द्या. वेल पुन्हा का येते ते ठिपके सांगतात.

*दर वर्षी तीच जागा, तोच झुबका.* मूळ आत राहिलं आहे. वरचं खोड तुटून हातात आलं आणि जमिनीतला गड्डा तसाच राहिला. अशा गड्ड्यातून तुटल्यानंतर एकाऐवजी तीन-चार फुटवे येतात, म्हणून गेल्या वर्षीपेक्षा जास्त झाली असं वाटतं.

*एका रांगेत फुटवे.* वेलीची जमिनीखालची खोडं पसरली आहेत. ही खोडं मातीत फारशी खोल नसतात, पण लांब जातात, आणि जमिनीवर टेकलेली फांदीही टेकेल तिथे मूळ धरते. रांग कुठल्या दिशेला जाते ते बघा. बहुतेकदा ती कुंपणाकडे, मोठ्या झाडाकडे किंवा रानाच्या कडेकडे जाते. रांगेच्या त्या टोकाला मूळ वेल असते. ती तिथे असेपर्यंत लॉनमधले फुटवे काढणं म्हणजे कायमचं काम.

*विखुरलेली सुटी रोपं.* हे पक्ष्यांचं काम. या वेलीत नर आणि मादी वेगळ्या असतात, फळं मादीवर येतात. हिवाळ्यात खायला कमी असतं तेव्हा रॉबिन, सुतार असे अनेक पक्षी ती पांढरी फळं खातात आणि बिया कुंपणावर, फांद्यांवर बसून खाली टाकतात. म्हणून रोपं नेमकी पक्षी बसतात त्याच्याखाली. जमिनीवर पसरलेली वेल सहसा फळत नाही, वर चढून ऊन मिळालं की फळते. तेव्हा आता मान वर करा आणि आजूबाजूची झाडं बघा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हे फार सोपं असतं: झाड अजून हिरवं असतं आणि त्याच्या खोडावर लाल पानांची एक पट्टी वर गेलेली दिसते. तीच ती.

ही पट्टी शेजाऱ्याच्या झाडावर असली तर त्यांच्याशी बोला. इथे बहुतेकांना या वेलीची धास्ती असते आणि फोटो दाखवून शांतपणे सांगितलं तर लोक ऐकतात. निम्मा खर्च आपण देतो म्हटलं तर काम त्याच आठवड्यात होतं. कुंपणापलीकडे स्वतः जाऊन कापू मात्र नका, औषध तर अजिबात मारू नका.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात ही वेल जास्त जोमाने वाढली आणि तिचं उरुशिऑलही जास्त दाहक झालं. म्हणजे पुढे कधीतरी बघू म्हणून सोडून देण्याजोगी ही तक्रार नाही.

चौथं: लहान रोपं हाताने काढणं

गुडघ्याखालची, विरळ रोपं असतील तर एवढ्यावर भागतं. खर्च हातमोज्यांचा आणि पिशव्यांचा.

पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी काढा. माती ओली असली की मूळ तुटत नाही, अखंड येतं. सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, पँट मोज्यांत खोचलेली (इथल्या रानाच्या कडेला गोचीड असतात, त्यासाठीही). हातात जाड व्हायनिलचे हातमोजे. पातळ लॅटेक्सच्या मोज्यांतून उरुशिऑल आत जातं, त्यांचा उपयोग नाही.

एकेकट्या रोपासाठी सोपी पद्धत अशी: ब्रेडची लांब प्लास्टिक पिशवी हातावर उलटी चढवा, रोप बुडाशी धरा, सावकाश हलवत मुळासकट ओढा आणि पिशवी त्याच्यावरून सुलटी करून गाठ मारा. रोपाला हात लागतच नाही. आडवं खोड लागलं तर झटका देऊ नका. बोटांनी माती सैल करत त्याच्या मागे मागे जा. चार इंचांचा तुकडा जरी आत राहिला तरी तो फुटू शकतो. फावड्याने खोल खणायचं असेल तर आधी ८११ ला फोन करा. ते येऊन जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइन खुणा करून देतात, फुकट.

काढलेलं सगळं दुहेरी पिशवीत बांधून घरच्या कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नाही, टाउनशिप नेते त्या पालापाचोळ्यातही नाही. तुमच्या टाउनशिपचा वेगळा नियम असेल तर तो पाळा. वाळलेल्या वेलीतलंही तेल तसंच राहतं, त्यामुळे ‘वाळू दे, मग उचलू’ याने काही साधत नाही.

मग दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच नकाशावरून फेरी मारा. नवा फुटवा दोन पानांचा असतानाच काढलात तर मुळातला साठा संपत जातो. ही फेरी चुकली की सगळं पहिल्यापासून.

दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत

वेल जाळू नका. ओली नाही, वाळलेली नाही, फायर पिटमध्ये तर नाहीच. धुराबरोबर उरुशिऑल छातीत जातं आणि फुप्फुसाला सूज येऊन माणूस रुग्णालयात पोचतो. लाकडं फोडून घेताना त्यावर केसाळ वेल चिकटलेली नाही ना, हे बघूनच ती शेकोटीत घाला.

आणि गवत कापायचा दोरीचा ट्रिमर फिरवू नका. पानांचे बारीक तुकडे आणि रस पोटऱ्यांवर, चेहऱ्यावर, डोळ्यांत उडतो. मी पाहिलेली सगळ्यांत वाईट पुरळं ट्रिमरमुळे झालेली आहेत.

पाचवं: कापत राहणं किंवा झाकून टाकणं

लॉनमध्ये पसरलेली वेल नेहमीच्या गवतकापणीने हळूहळू दमते. पानं येऊ दिली नाहीत की मुळाला अन्न मिळत नाही. एक-दोन हंगाम लागतात. मोअर बाहेर ठेवून खालची बाजू पाण्याने धुवायची आणि धुताना स्वतःला जपायचं.

जिथे दुसरं काही वाढवायचं नाही तिथे पुठ्ठ्याचे तीन-चार थर, त्यावर जाड मल्च, असं पूर्ण हंगामभर झाकून ठेवा. वेल कडेने बाहेर डोकावते, म्हणून पुठ्ठा तिच्या हद्दीच्या दोन-तीन फूट पुढे न्या. व्हिनेगर आणि मीठ टाकायचा सल्ला बरेच देतात. व्हिनेगरने वरची पानं करपतात, मूळ जसंच्या तसं राहतं. मिठाने माती खराब होते आणि पुढे तिथे काहीच नीट येत नाही.

शेळ्या ही वेल आवडीने खातात आणि त्यांना काही होत नाही. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड पार्कमध्ये २०१९ साली उतारावरचं रान साफ करायला शेळ्यांचा कळप सोडला होता, त्या रानात पॉयझन आयव्हीही होती. पण शेळ्या पानं खातात, मूळ काढत नाहीत. मोठ्या उतारावर ठीक, घरच्या अंगणाला हा उपाय लागू नाही.

सहावं: झाडावर चढलेली वेल तोडणं

बियांचा कारखाना हाच. हा बंद झाला की खालची विखुरलेली रोपं काही वर्षांत आटोक्यात येतात.

वेल ओढून काढायची नाही. ओढली की वरून फांद्या, साल, फळं सगळं तोंडावर येतं. हातकरवतीने दोन ठिकाणी कापायचं: एक जमिनीपासून वीतभर, दुसरं कमरेच्या उंचीला. मधला तुकडा सोडवून पिशवीत टाका. झाडाच्या सालीला करवत लागू देऊ नका. वरची वेल तशीच सोडा, ती काही आठवड्यांत वाळते आणि पुढे आपोआप गळत राहते. इलेक्ट्रिक करवत वापरू नका, तिचा भुसा सगळीकडे उडतो आणि त्यात तेल असतं. डोळ्यांना चष्मा हवा.

खालचा बुंधा जिवंतच असतो. नुसता कापून सोडलात तर पुढच्या वसंतात झुडूप होतं. कापल्यावर लगेच, काही मिनिटांच्या आत, ताज्या कापावर ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपिर या तणनाशकाचं दाट द्रावण ब्रशने लावायचं. उशीर झाला तर काप बंद होतो आणि औषध आत जात नाही. यासाठी ऑगस्टपासून थंडी पडेपर्यंतचा काळ चांगला. वसंतात रस वर चढत असताना औषध मुळापर्यंत नीट पोचत नाही.

सातवं: तणनाशकाची फवारणी

मी हे शेवटी ठेवतो, कारण चुकलं तर नुकसान वेलीपेक्षा बागेचं जास्त होतं. तरीही मूळ वेल मोठी असेल, हाताने निघत नसेल, तर ते करावं लागतं.

ग्लायफोसेट लागेल ते सगळं मारतं: गवत, गुलाब, तुळससुद्धा. ट्रायक्लोपिर रुंद पानांच्या झाडांवर चालतं, लॉनचं गवत सहसा वाचतं. बाटली घेताना पुढचं नाव न बघता मागची घटकद्रव्यं वाचा. एकाच ब्रँडच्या नावाखाली वेगवेगळी द्रव्यं असलेल्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. लेबलवर लिहिलेलं प्रमाण हा सल्ला नसून अमेरिकेत तो कायदा आहे. दुप्पट घालून दुप्पट लवकर मरत नाही, उलट पानं लगेच करपली तर औषध मुळाकडे जायचंच राहतं.

पानं पूर्ण उघडलेली हवीत, वारा नको, पुढचे काही तास पाऊस नको. दुष्काळात मरगळलेल्या वेलीवर मारू नका. मारल्यावर दोन आठवडे तिला हात लावू नका, पानं पिवळी पडताहेत म्हणजे औषध खाली उतरतंय. झाडावर चढलेल्या वेलीवर फवारा मारायचा नाही, झाडाची पानंही मरतील. बाजूच्या छोट्या झुडपांवर पुठ्ठा आडवा धरा. एका फवारणीत संपली असं क्वचितच होतं. पुढच्या हंगामात उरलेल्यावर पुन्हा मारावं लागतं, त्याची तयारी ठेवा.

इथे थांबा आणि व्यावसायिक माणसाला बोलवा

- वेल मनगटापेक्षा जाड आहे, किंवा काम शिडीवर चढून करावं लागेल.
- वेल विजेच्या तारांजवळ आहे.
- जवळ ओढा, तळं, पाणथळ जागा किंवा विहीर आहे. अशा ठिकाणी नेहमीचं औषध चालत नाही आणि परवानगीचे नियम वेगळे असतात.
- पूर्ण उतार किंवा घरामागचा मोठा पट्टा व्यापला आहे.
- घरात कोणाला पूर्वी या वेलीने चेहरा सुजणं, श्वास लागणं असं झालं आहे. त्या घरच्यांनी हाताने काढायच्या भानगडीत पडूच नये.

न्यू जर्सीत पैसे घेऊन तणनाशक मारणाऱ्याकडे राज्याच्या पर्यावरण खात्याचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक मागा, प्रामाणिक माणूस लगेच देतो. झाडावरच्या जाड वेलीसाठी परवानाधारक ट्री एक्स्पर्ट बघा. दोघांनाही हेच विचारा: कोणतं द्रव्य वापरणार, बुंध्याला लावणार की फवारणार, आणि पुढच्या हंगामातली फेरी याच पैशात आहे का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरा माणूस शोधा. तुम्ही काढलेला नकाशा त्यांना दाखवा, निम्मं काम सोपं होतं.

आणि डॉक्टरांकडे कधी

साधं पुरळ एक ते तीन आठवड्यांत जातं. थंड पाण्याच्या पट्ट्या, कॅलामाइन, ओटमीलची आंघोळ, सौम्य हायड्रोकॉर्टिझोन एवढ्यावर बऱ्याच जणांचं निभतं. चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ किंवा गुप्तांगांवर पुरळ आलं, अंगाचा मोठा भाग व्यापला, पू झाला, ताप आला, किंवा तीन आठवड्यांनंतरही उतार नसेल तर डॉक्टर गाठा. वेलीचा धूर छातीत गेला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर वाट न बघता ९११ ला, म्हणजे तातडीच्या मदतीला, फोन करा. साधी शंका विचारायची असेल तर पॉयझन कंट्रोलचा क्रमांक १-८००-२२२-१२२२, दिवसरात्र, फुकट.

आई-बाबांना नेत असाल तर मधुमेह असल्यास आधीच सांगा. जास्त पुरळ असेल तर डॉक्टर तोंडावाटे स्टेरॉइड देतात आणि त्याने रक्तातली साखर चढते. त्या गोळ्या दिलेल्या दिवसांपर्यंत, प्रमाण कमी करत करत घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवल्या तर पुरळ पुन्हा उसळतं. डॉक्टरांना दाखवायला पानाचा फोटो फोनमध्ये न्या, रोप पिशवीत घालून नेऊ नका.